कुशीत झोपवणं हा काय गुन्हा आहे?

डिस्चार्जच्या दिवशी नर्सने विचारलं बाळ रात्री कुठे झोपणार, आणि मी सहज म्हटलं, माझ्याजवळ. तिचा चेहराच बदलला. मग पंधरा मिनिटं लेक्चर, मोठ्यांच्या बिछान्यात बाळ झोपेत गुदमरू शकतं म्हणून, एक कागद, त्यावर माझी सही. घरी येऊन खूप रडले. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरात आम्ही सगळी भावंडं आईच्या कुशीतच वाढलो, मग त्या सगळ्या आया काय निष्काळजी होत्या?

इथे अमेरिकेत २०११ मध्ये मिलवॉकी शहराच्या आरोग्य खात्याने चक्क जाहिरात केली होती, मोठ्यांच्या पलंगावर बाळ झोपलंय आणि शेजारी सुरा! आईला सुरा म्हणायचं?

मग रात्री पाजता पाजता फोनवर वाचत बसले. जेम्स मॅकेना म्हणून मानववंशशास्त्रज्ञ आहेत, नोत्र दाम युनिव्हर्सिटीतल्या त्यांच्या लॅबमध्ये आई-बाळाला झोपवून रात्रभर इन्फ्रारेड कॅमेऱ्याने शूटिंग करायचे. जवळ झोपलेलं बाळ जास्त वेळा अंगावर पितं, आणि दोघांची झोप बरेचदा एकदमच चाळवते. इंग्लंडमध्ये डरहॅम युनिव्हर्सिटीतल्या संशोधक हेलन बॉल यांनी पण पाहिलंय, अंगावर पाजणारी आई कुशीवर वळते, गुडघे बाळाच्या पायांखाली घेते, हात त्याच्या डोक्याच्या वर. हे वाचलं तेव्हा मी अगदी तशीच पडले होते, हाताला मुंग्या आलेल्या, छकुलीच्या हनुवटीवरून दूध ओघळत होतं.

पण भीती खोटी नाहीये. घरात सिगरेट, दारू, सोफ्यावर डोळा लागणं, बाळ दिवसांआधीचं किंवा कमी वजनाचं, ह्यात धोका खरंच वाढतो. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचं २०२२ मध्ये पण हेच म्हणणं, खोली एक पण बिछाना वेगळा, निदान सहा महिने. आणि इथल्या गाद्या मऊ, बसलं की रुततो, इंदूरची कापसाची घट्ट गादी कुठे आणि ही कुठे!

म्हणून मी कडक गादी आणून जमिनीवर टाकली, भिंतीपासून लांब, दुलई काढली. आईने डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी शिवली होती, ती पण काढली. आई म्हणाली, "तुझं डोकं बघ आरशात, ह्याच उशीवर गोल झालंय." दोन दिवस नीट बोलली नाही. मला फार लागलं, पण उशी परत नाही ठेवली.

इथल्या ओळखीच्या आपल्या मुली डॉक्टरला सरळ खोटं सांगतात, क्रिबमध्येच झोपतं म्हणून, मग जवळ घ्यायचं तर नीट कसं घ्यायचं हे त्यांना कुणी सांगतच नाही. मंगळवारी आमची चेकअपची अपॉइंटमेंट आहे, मी खरं सांगणार आहे.