बोटं तर सगळ्यांचीच दुखतात

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या दवाखान्यात ‘बोटं दुखतात’ ही तक्रार म्हणून कुणी मोजतच नाही. दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बाईची बोटं दुखणार नाहीत तर काय! म्हणून त्या २६ वर्षांच्या सुनेला मी तीनदा गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं.

चौथ्यांदा एप्रिलातल्या भर दुपारी सासू तिला घेऊन आली. गालांवर, नाकावर काळपट-लाल डाग. “उन्हानं करपली बघा. क्रीम द्या की,” सासू म्हणाली. वांग समजून मी लिहायलाही घेतलं. पण नाकाकडून ओठांकडे उतरणाऱ्या घड्या मात्र स्वच्छ होत्या. पेन खाली ठेवलं.

केस? पुंजक्यानं गळतात. तोंडात टाळूवर फोड, पण दुखत नाही. सकाळी बोटं आखडतात? “तासभर पानं कापायला कात्री धरवत नाही.” घोट्याजवळ दाबलं तर खळगा तसाच राहिला. रक्तदाब १५०/१००. लघवीत पट्टी बुडवली, प्रथिनं तीन प्लस.

हा ल्युपस. तो मी आधी पाहिला नव्हता असं नाही. एका सायकलवाल्याच्या कानावर, डोक्यावर चट्टे होते; तो त्वचेपुरता राहणारा, डिस्कॉइड. केस गेले ते गेलेच, बाकी गडी ठणठणीत. दुसऱ्याला टीबीच्या आयसोनियाझिडनं झाला, औषध बदललं तसा ओसरला. त्यामुळे माझ्या डोक्यात ल्युपस म्हणजे सौम्य प्रकरण. हा तसा नव्हता. हा सर्वांगीण प्रकार, शरीराची संरक्षक यंत्रणाच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडांवर उलटलेली. आणि मूत्रपिंड बिचारं दुखत नाही, गुपचूप निकामी होत जातं.

एएनए आणि डीएसडीएनए, म्हणजे शरीरावरच उलटणारी प्रतिपिंडं, पॉझिटिव्ह; सी३ हे रक्तातलं संरक्षक प्रथिन खाली. मूत्रपिंडाच्या बायोप्सीत चौथा वर्ग, म्हणजे गंभीर. स्टिरॉइड, मायकोफेनोलेट आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन सुरू झालं. शिवाय ऊन टाळायचं. सोलापुरात! सांगताना मलाच कसंतरी झालं.

सगळं ऐकून सासूनं एकच विचारलं, “नातवंडाचं काय?”

मायकोफेनोलेट गर्भाला घातक, ते बंद करून दुसऱ्या औषधावर आजार किमान सहा महिने शांत राहायला हवा, हे सांगितलं. ‘रो’विरोधी (अँटी-Ro) प्रतिपिंडं निघाली तर बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांवर पोटातच लक्ष ठेवावं लागतं, हेही सांगितलं. तो रिपोर्ट अजून यायचा होता.

“थांबू की,” सासू म्हणाली. “पण हिचा विड्यांचा गठ्ठा आता कोण पुरा करणार?” आणि पिशवी उचलून सुनेच्या डोक्यावर पदर ओढला.