आमची वाटचाल : दोन रेणू येणे

गेल्या महिन्यात एका सत्काराला निवेदिकेनं आमची ओळख ‘एआयमधली नवी कंपनी’ अशी करून दिली. नवी! 2024 चं रसायनशास्त्राचं नोबेल प्रथिनांवर संगणक चालवणाऱ्या तिघांना मिळालं आणि तेव्हापासून जो तो औषधं शोधत सुटलाय. आम्ही सुरुवात केली तेव्हा केंबलचा, म्हणजे कोणता रेणू कशावर चालतो याच्या नोंदींचा, डेटा नुकता फुकट मिळू लागला होता. बँकेच्या साहेबांना ‘संगणकावर रेणू शोधतो’ म्हटलं की ते आधी मेडिकल दुकानाचा परवाना मागायचे.

मी रसायनवाला, भागीदार संख्याशास्त्राचा. कर्वेनगरात पिठाच्या गिरणीवर एक खोली घेतली आणि लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून कॉम्प्युटरच्या चार पेट्या जोडल्या. खाली गिरणी सुरू झाली की वर पंख्यांत पीठ. दर शनिवारी झाकणं उघडून एक इंची रंगाच्या ब्रशनं पाती झाडायची, हा आमचा पहिला मेंटेनन्स करार. गव्हाचं पीठ झटकलं की जातं. बाजरीचं तेलकट असतं, ते ब्रशलाही दाद देत नाही. गुरुवारी लाईट जायचे, म्हणून डॉकिंग (रेणू प्रथिनाच्या खाचेत बसतो का, ते संगणकावर बघणं) बुधवारी रात्रीच थांबवायचं. तो ब्रश अजून माझ्या टेबलात आहे. नव्या मुलांना वाटतं, पूजेचा आहे.

आमचं सगळं दुकान बेझच्या नियमावर: नवा पुरावा आला की आधीची शक्यता सुधारून घ्यायची. भागीदार येईल त्याला खडूनं हिशेब मांडून दाखवायचा. 10,000 रेणूंत खरे कामाचे 100 धरा. मॉडेलनं त्यातले 90 पकडले. उरलेल्या 9,900 पैकी फक्त 5 टक्क्यांना चुकून ‘चांगला’ म्हटलं, तरी ते झाले 495. म्हणजे ‘चांगले’ 585 आणि त्यात खरे 90, शंभरात पंधरा. एरवी शंभरात एक मिळतो तिथे पंधरा मिळाले तर माणसानं नारळ फोडावा. पण समोरचा म्हणणार, ‘म्हणजे पंच्याऐंशी वाया?’

आता हातचं मोठं काम गेलं, त्या प्रकरणाबद्दल. नाव घेत नाही, पण धंद्यातले ओळखतील.

मोठ्या कंपनीचं पहिलं मोठं काम. पहिल्या अहवालात आमच्या मॉडेलचं एयूसी 0.93 आलं. कामाचे रेणू निकामींच्या वर किती नीट लागतात याचे हे गुण: 1 म्हणजे पैकीच्या पैकी, 0.5 म्हणजे छापा-काटा. पेढे वाटले. मग एका गुरुवारी, लाईट नसताना, भागीदारानं रेणूंचे कागद फरशीवर पसरले आणि एकदम गप्प झाला. एकाच सांगाड्याचे भाऊबंद शिकवायच्या ढिगातही होते आणि परीक्षेच्या ढिगातही. कुठे क्लोरीनच्या जागी फ्लोरीन, एवढाच फरक. पेपर आधीच फुटलेला! सांगाड्यांप्रमाणे ढीग वेगळे करून पुन्हा चालवलं तर 0.68. मी म्हणालो, तूर्त गप्प बसू. तो म्हणाला, उद्याच सांगू. सांगितलं.

पंधरा दिवसांत ते काम दुसऱ्याकडे गेलं. त्या मंडळींकडे पडद्यावर गरगर फिरणारे रेणू होते आणि ‘95 टक्के अचूक’ अशी पाटी होती. अहो, शंभरात एकच रेणू कामाचा असेल तर डोळे मिटून ‘सगळे निकामी’ म्हणणारासुद्धा 99 टक्के अचूक असतो! हे मी मीटिंगमध्ये बोललो. बोलायला नको होतं. शेवटची दोन बिलं अडकली, तिघा मुलांना रजा दिली, भागीदार तासिका तत्त्वावर कॉलेजात शिकवायला जाऊ लागला आणि चारातल्या दोन पेट्या मी विकल्या. पुढे कानावर आलं की त्यांच्या यादीतले ‘हिट’, म्हणजे चाचणीत चाललेले रेणू, थोडा ट्रायटन (साबणासारखं द्रव्य) टाकताच विरघळले. रेणूंचे गठ्ठे होत होते आणि एन्झाइम त्या गठ्ठ्यांना चिकटून गप्प बसत होतं. ही तपासणी पहिल्याच आठवड्यात करायची असते. जाऊ दे. आमची बिलं काही आली नाहीत.

त्या दिवसांत काका आले. कुरकुंभच्या एमआयडीसीत त्यांचा इंटरमीडिएट्सचा (औषधं बनवताना लागणाऱ्या मधल्या रसायनांचा) छोटा कारखाना. त्यांना टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला न बधणाऱ्या नायट्यावर काही सापडतंय का बघायचं होतं. हा नायटा घराघरांत कसा पसरलाय ते वेगळं सांगायला नको. काकांनी ‘खात्री आहे का?’ असं कधीच विचारलं नाही. ‘शंभरात किती?’ एवढंच विचारलं.

कारण त्यांच्या शेतात पाच बोअर, त्यातल्या तीन कोरड्या. म्हणाले, “कोरड्या बोअरच्या शेजारी दुसरी मारत नाही. पाणी लागलं तिथून फार लांब जात नाही. पण कुणी न बघितलेल्या कोपऱ्यात एखादी मारून बघावीच.” भागीदार खुर्चीतून उठलाच. गाऊसियन प्रोसेसचं, म्हणजे थोड्या मोजलेल्या जागांवरून न मोजलेल्यांचा अंदाज आणि त्याची खात्री सांगणाऱ्या गणिताचं, सगळं मर्म एवढंच. त्या गणिताचा एक पूर्वज तरी खाणीतलाच आहे: दक्षिण आफ्रिकेच्या डॅनी क्रिगेनं 1951 मध्ये थोड्या नमुन्यांवरून सोन्याचा अंदाज बांधायला तेच वापरलं होतं.

चाचणीच्या एका प्लेटला 96 खाचा. चाळीस रेणू दोन-दोनदा, म्हणजे 80, आणि 16 कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या खाचा. चाळिसांतले बत्तीस वरच्या शक्यतेचे, आठ अनोळखी कोपऱ्यातले. नवीन मुलांनो, यादी नुसती स्कोअरप्रमाणे वरून खाली देऊ नका, असे काही रेणू घालत जा. आणि ॲडव्हान्स निम्मा घ्या. प्रत्येक रेणूपुढे त्याची शक्यता लिहिली आणि खाली बेरीज मारली: 7. म्हणजे चाळिसांत सातेक चालतील. काकांनी त्या सातवर पेनानं गोल केला.

सहा चालले. त्यातले दोन त्या आठांतले. पुढे एक गळला, कारण बुरशीबरोबर तो माणसाच्या पेशीही मारत होता. पाच म्हणजे पाच औषधं नव्हेत, हिट आणि औषध यांत वर्षं असतात. पण काकांनी बिल आठवड्यात चुकतं केलं आणि पुढचं काम दिलं. त्यावर आम्ही तरलो.

नंतरची वर्षं बरी गेली. आज अकरा माणसं आहेत, गणित भाड्याच्या मशिनवर चालतं, गिरणी खालीच आहे.

काकांच्या वहीत मात्र आमच्या नावावर ‘सात सांगितले, पाच पोचले, दोन येणे’ अशी नोंद आहे. दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन जिना चढून येतात आणि खुर्चीत टेकायच्या आधी विचारतात, “काय, ते दोन कधी देताय?”