आत्याचा फ्लेक्स

परवा आत्याच्या दहाव्याचा फ्लेक्स करायला सोलापुरात नवी पेठेत गेलो. मी तोंड उघडायच्या आत दुकानातल्या पोरानं मजकूर लावला पण, "प्रेमळ, धार्मिक, सोशिक". म्हटलं सोशिक काढा. तर म्हणतो, "सगळ्या बायकांना हेच असतंय की ओ, पुरुषांना कर्तृत्ववान. फाईल तयारच आहे."

आता आमची आत्या आणि सोशिक! लग्न केलं नाही, ऐंशीच्या दशकात लुनावर ऑफिसला जायची, सात रस्त्याला कुणी आडवं आलं तर लुना थांबवून भांडायची, आणि १९९४ ला महाराष्ट्रात कायदा बदलून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आला (आधीच लग्न झालेल्यांना नाही, हिचं झालंच नव्हतं) तेव्हा बाईनं सरळ दोन्ही भावांना नोटीस धाडली. त्यातला एक माझा बाप. त्यानंतर राखी बंद, दिवाळीचा फराळ बंद, आणि घरात तिचं नाव पडलं कजाग. पुढं काका आणि बाबा त्याच रानाच्या बांधावरून वर्षभर भांडले, त्याला मात्र 'भावाभावातलं' म्हणायचे.

फ्लेक्स होईपर्यंत बाकड्यावर बसून हेच डोक्यात. आपल्या विद्यापीठाला अहिल्यादेवींचं नाव आहे, चांगलंच आहे, पण फोटो बघा कुठलाही, पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात पिंड. २८ वर्षं राज्य केलं त्या बाईनं, नवरा, सासरा, मुलगा सगळे गेल्यावर, आणि गादी गिळायला निघालेल्या राघोबादादाला माघारी लावला. पण हिशेबाची वही हातात घेतलेली अहिल्यादेवी मी तरी कुठं बघितली नाही.

पिंड हातात नसली की मग अवघड. ताराबाई पंचविशीत विधवा झाल्या, १७०० ते १७०७ औरंगजेबाला झुंजवलं, तरी पुस्तकात पुढच्याच पानावर 'महत्त्वाकांक्षी' आणि 'कारस्थानी'. त्या काळात गादीसाठी भांडणारे पुरुष काय वारीला चालले होते का? (नातवाला साताऱ्यात कैदेत टाकलं हे खरंय, साध्वी होत्या असं माझं म्हणणंच नाही.) आनंदीबाईचं तर विचारूच नका. १७७३ ला नारायणरावाचा खून झाला, पेशवाईच्या गादीवर बसला राघोबा, आणि म्हणीत कोण अडकलं? तिचाच 'ध चा मा'. राघोबाच्या नावानं एखादी म्हण आठवते का बघा.

आणि गोदूताई परुळेकर. रिक्षावाल्याला गोदूताई म्हटलं की कुंभारीला विडी कामगार बायकांच्या वसाहतीत नेऊन सोडतो, दहा हजार घरं आहेत तिथं. पण १९४५ ला ठाण्याकडं वारल्यांना घेऊन जमीनदारांविरुद्ध उभी राहिलेली बाई हीच, हे त्यालाही माहीत नसतंय आणि मागं बसलेल्यालाही.

तर फ्लेक्स. फोटो मी लुनावरचाच दिला होता, गॉगल घातलेला. पोरानं लुना कापली, गॉगल ठेवला, मग माऊस धरून म्हणाला, "डोक्यावर पदर टाकू का? दोन मिनिटात होतंय."

मी नको म्हणायच्या आत शेजारी बसलेले काका म्हणाले, "टाक."