गोठलेल्या सिमको तलावावर मासे धरताना

दादा मला न्यायला आला तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते आणि बाहेर उणे 17 होतं. दार उघडल्यावर त्यानं आधी माझ्या पायांकडे बघितलं.

"मोजे किती जोड घातलेस?"

"एकच. लोकरीचा."

"आणि बूट?"

"एक नंबर मोठे. आत बोटं हलतायत."

"मग चल."

दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. वीसेक वर्षं इकडे कॅनडात आहे, आणि हिवाळ्यात तलाव गोठला की सुट्टीच्या दिवशी तो घरी सापडत नाही. पायांची ही चौकशी गेल्या वर्षीच्या अनुभवामुळे होती. फेब्रुवारीत पहिल्यांदा त्याच्याबरोबर बर्फावर गेले, तेव्हा अंगावर होतं ते सगळं टोरांटोच्या रस्त्यावर चालणारं होतं. आत सुती टी-शर्ट, खाली जीन्स, पायात सुती मोज्यांचे दोन जोड कोंबून घट्ट झालेले बूट, आणि वर पिसांचं चांगलं महागाचं जॅकेट. जॅकेटवर माझा फार भरवसा होता. सामानाची घसरगाडी ओढत किलोमीटरभर चाललो, मला घाम आला, आणि छान ऊब आलीय असं वाटलं. बसल्यावर वीस मिनिटांत पाठीला गार चिकट कापड लागायला लागलं. तासाभरानं उजव्या पायाचा अंगठा आहे की नाही तेच कळेना. दादानं गाडीत नेऊन मोजा काढला तेव्हा अंगठा मेणासारखा पांढरा पडला होता. मी चोळायला गेले तर त्यानं हात धरला. गारठलेली जागा चोळायची नसते, आतली कातडी फाटते. त्यानं माझं पाऊल स्वतःच्या स्वेटरच्या आत, पोटाशी धरून ठेवलं. रक्त परत फिरायला लागलं तेव्हा जी आग झाली ती मी विसरलेले नाही.

म्हणून यंदा कपड्यांची तयारी दिवाळीपासूनच सुरू केली होती.

टोरांटोशेजारच्या मिसिसॉगाहून आम्ही 400 नंबरचा हायवे धरून उत्तरेला निघालो. वाटेत हॉलंड मार्श लागतं. उन्हाळ्यात इथली काळीभोर जमीन कांद्या-गाजरांनी भरलेली असते, आता नजर जाईल तिथपर्यंत नुसतं पांढरं. पुढे पूर्वेला वळलं की सिमको तलावाचं दक्षिणेकडचं टोक, कुक्स बे नावाचा उपसागर. सिमको मोठा आहे, सातशे चौरस किलोमीटरच्या वर. त्याच्या पश्चिमेच्या केंपेनफेल्ट उपसागरात पाणी चाळीस मीटरपर्यंत खोल जातं. कुक्स बे त्यामानानं उथळ, म्हणून लवकर गोठतो, आणि पिवळ्या पर्च माशांसाठी लोक इथे येतात. हॉलंड नदी मात्र याच टोकाला तलावात शिरते, आणि वाहत्या पाण्यावरचा बर्फ पातळ राहतो. दादा त्या बाजूला कधीच फिरकत नाही. रोज जाणाऱ्या माणसांना विचारल्याशिवाय तर तो कुठेच पाऊल टाकत नाही.

काठावर गाडी लावून उतरलो, आणि दादानं पहिलं काम सांगितलं, "जॅकेट काढ."

उणे सतरात जॅकेट काढ! पण माणूस गारठतो तो याच ठिकाणी, चालायच्या आधी. सामान ओढत चालताना शरीर भट्टीसारखं तापतं. सगळं अंगावर चढवून चाललं तर घाम आतल्या कपड्यात मुरतो, आणि नंतर पाच तास आपण त्या ओल्या कपड्यात बसतो. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगानं उष्णता ओढून नेतं. म्हणून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. मी जॅकेट घसरगाडीवर बांधलं आणि नुसत्या फ्लीसच्या स्वेटरवर निघाले. पहिली पाच मिनिटं दात वाजले. दहाव्या मिनिटाला बरं वाटायला लागलं, आणि पोचले तेव्हा पाठ कोरडी होती. एवढ्या एका गोष्टीनं माझा सगळा दिवस बदलला.

अंगाला लागून मी मेरिनो लोकरीचं थर्मल घातलं होतं, वर आणि खाली दोन्ही. मेरिनो महाग असते, हे खरं. पॉलिएस्टरचं थर्मल निम्म्या किमतीत मिळतं, लवकर वाळतं आणि चांगलं कामही देतं. पण पैसे मोजून घ्यायची एकच वस्तू निवडायची असेल तर मी लोकरीचे मोजे घेईन, दुसरी निवडायची तर लोकरीचं थर्मल, आणि जॅकेटचा नंबर त्यानंतर. गेल्या वर्षी मी नेमकं उलटं केलं होतं.

लोकरीवरचा माझा विश्वास मात्र कॅनडातला नाही. आमचं गाव पन्हाळ्याच्या पलीकडे, कासारी नदीच्या अंगाला. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून ओढ्यांना लाल पाणी आलं की चढणीचे मासे यायचे. नदीतले मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलटे ओढ्यात, तिथून थेट भाताच्या खाचरात चढायचे. आज्जा कंदील आणि जाळं घेऊन रात्रभर ओढ्यात उभा असायचा. डोक्यावरून काळ्या घोंगडीची खोळ, बस्स. सनगरांनी हातमागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली, दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची घोंगडी. रात्रभर पाऊस झेलून ती इतकी जड व्हायची की मला उचलायची नाही. तरी आज्जानं मला आत ओढून घेतलं की आत ऊब असायची. बाहेरून भिजलेली आणि आतून उबदार, हे लहानपणी मला कोडं वाटायचं. लोकरीचा धागा आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी ओल पोटात घेतो तरी अंगाला ओला लागत नाही, आणि त्याच्या वळ्यांमध्ये अडकलेली हवा तशीच राहते. सुताचं तसं नाही. ते पाणी पितं, चपटं होतं आणि कातडीला चिकटतं. जीन्स म्हणजेही सूतच.

थर्मलवर जाड फ्लीस, आणि सगळ्यात वर वारा न शिरणारं, पाणी न झिरपणारं कवच. खालचा भाग मी डांगरीचा घेतला, खांद्यावर पट्टे असलेला, छातीपर्यंत येणारा. भोकाजवळ सारखं वाकावं लागतं, आणि साध्या पँटीत दर खेपेला मागून कंबर उघडी पडते. इथे बायकांसाठी एक सांगायलाच हवं, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं. डांगरी घेताना बाजूनं कमरेपासून खालपर्यंत उघडणारी चेन आहे का ते बघा. नाहीतर लघवीला जायच्या धास्तीनं आपण दिवसभर पाणीच पीत नाही, आणि पाणी कमी पडलेलं शरीर लवकर गारठतं. गेल्या वर्षी मी सहा तासांत अर्धा कप चहा प्यायले होते.

जागेवर पोचल्यावर दादानं गिरमिटानं पहिलं भोक पाडलं आणि आकडीच्या पट्टीनं बर्फ मोजला. पंचवीस सेंटीमीटर. चालायला पंधरा पुरतात असं इकडे सांगतात, तेही बर्फ स्वच्छ निळसर असेल तर. पांढरा, बुडबुड्यांचा बर्फ निम्म्याच ताकदीचा. आम्हा दोघांच्या गळ्यात दोरीला बांधलेले टोचे होते. पाण्यात पडलंच तर ते बर्फात रोवून बाहेर सरकता येतं. दादाचा सूट तर पाण्यावर तरंगणारा आहे. अंगावर काय काय घालायचं याच्या यादीत मी हे टोचे मोज्यांच्याही आधी धरते.

भोकातून वर आलेलं पाणी काळं दिसत होतं. दादा म्हणाला, "तळाला चार अंश असणार. आपल्यापेक्षा मासे मजेत आहेत." पाणी चार अंशाला सगळ्यात जड असतं, म्हणून तेच तळाशी जाऊन बसतं आणि बर्फ वर तरंगतो. नाहीतर तलाव तळापासून गोठला असता.

थंडी वाऱ्यातून येते तेवढीच पायाखालूनही येते. बर्फ तळव्यातली ऊब शोषून घेत राहतो, बूट कितीही चांगला असला तरी. माझ्या बुटात आत नमद्याचं वेगळं अस्तर आहे, रात्री काढून वाळवता येतं असं. तरीही दादानं खाली लाकडी फळीचा तुकडा टाकला आणि मला त्यावर पाय ठेवायला लावले. बसायला उलटी बादली. तिच्यावर मी जुन्या योगासनाच्या चटईची घडी घातली. मोज्यांचा दुसरा जोड घालायचा मोह आवरायचा, कारण बूट घट्ट झाला की पायातलं रक्तच फिरत नाही आणि आत हवाही उरत नाही. ऊब धरते ती हवा. बोटं गरम करायच्या ज्या पुड्या मिळतात, त्यांत लोखंडाचा भुगा असतो आणि तो हवेत गंजताना तापतो. घट्ट बुटात हवा नसल्यामुळे त्या विझल्यासारख्याच राहतात. मी त्या खिशात ठेवते, हातांसाठी.

हातांचं गणित सगळ्यात अवघड, कारण मासेमारी करायची ती हातांनीच. जाड हातमोज्यात गळाला आमिष लागत नाही, आणि उघड्या हाताला रिळाचं धातू चावतं. मी आत बारीक लोकरीचे हातमोजे आणि वर मिटन, म्हणजे अंगठा वेगळा आणि चार बोटं एका घरात, असं घातलं होतं. एका घरातली बोटं एकमेकांना ऊब देतात. मिटन दोरीनं मनगटाला बांधलेलं, काढलं की लोंबकळत राहतं, बर्फावर पडत नाही.

नऊच्या सुमाराला माझी छोटी काठी टोकाला थरथरली. हलकेच, कोणी दार वाजवावं तशी दोनदा. झटका दिला आणि दोरी जड लागली. काठी खाली ठेवून हातानंच दोरी ओढत गेले, आणि भोकाच्या काळ्या पाण्यातून एक पिवळा पर्च वर आला. वीतभर लांब, हळदीसारखं अंग, त्यावर हिरवट काळे उभे पट्टे, पोटाखालचे पर शेंदरी. पाठीवरचा पर ताठ उभा आणि काटेरी. बर्फावर ठेवल्यावर एका मिनिटात त्याच्या अंगावरच्या पाण्याची पापडी झाली.

गळ काढताना बोटं भिजलीच. आता हात पटकन हातमोज्यात कोंबावा असं प्रत्येकाला वाटतं. दादा ओरडला, "अगं थांब, पूस आधी!" त्याच्या कमरेला जुना पंचा बांधलेला असतो, याच कामासाठी. एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, सगळं कोरडं करून मगच हातमोजा. एकदा हातमोजा आतून ओला झाला की त्या दिवसापुरता तो गेला. तरी मी घसरगाडीत प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन जोड जादा ठेवले होते. दुपारपर्यंत त्यातला एक लागला.

साडेदहाला वारा सुटला. पारा उणे पंधरावर चढला होता, पण ताशी वीस किलोमीटरच्या वाऱ्यात अंगाला ते उणे चोवीस वाटतं. चेहऱ्यासाठी माझ्याकडे माकडटोपी होती, आईनं विणलेली, आणि गळ्याभोवती लोकरीची नळी. नाकातोंडावर ती ओढली की श्वासाच्या वाफेनं बाहेरून पांढरी पापुद्र्यासारखी कडक होते, म्हणून मधूनमधून गोल फिरवत राहायची. आम्ही घडीचा तंबू उभा केला आणि आत छोटा गॅसचा हीटर लावला. दादानं तंबूच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही खिडक्या उघड्या ठेवल्या. बंद तंबूत गॅस जळताना होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि तो माणसं मारतो. उबेसाठी हवा कोंडायची नाही, यावर दादा कुणाचंही ऐकत नाही.

आत बसून तीळगूळ खाल्ला. संक्रांत होऊन गेली होती, पण रथसप्तमीपर्यंत आमच्याकडे डबा रिकामा होत नाही. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी होतं. या थंडीत शरीर सरपण मागतं, आणि तीळ, गूळ, लोणी हे चांगलं सरपण आहे. तेवढ्यात लांबून कुठूनतरी घुमल्यासारखा आवाज आला आणि आमच्या पायाखालून निघून गेला. मी दादाचा हात धरला. "बर्फ प्रसरण पावतोय," तो म्हणाला, "बोलतोच तो. घाबरू नको." नंतर दिवसभर तो आवाज येत राहिला. आभाळ खालून गडगडावं तसा.

अडीचला आवरलं तेव्हा पर्च चौदा होते. परत निघताना दादानं काही सांगायच्या आधी मी जॅकेट काढून घसरगाडीवर बांधलं.

घरी आल्यावर आधी बुटातली नमद्याची अस्तरं ओढून काढली. बाहेरून बूट कोरडे ठणठणीत दिसत होते, पण दिवसभराच्या घामानं अस्तरं दमट होतातच. ती तशीच राहिली तर पुढच्या खेपेला आपण बर्फच पायात घालतो. अस्तरं, मोजे, माकडटोपी, सगळं हीटरच्या झडपेजवळ दोरीवर टाकलं. मग पर्च साफ केले आणि कांदा-लसूण मसाला, तांदळाचं पीठ लावून तव्यावर टाकले. दादा स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभा राहिला आणि एकदम म्हणाला, "वास येतोय बघ."

"माशांचा?"

"नाही गं. आज्जाचा."

दोरीवरची लोकर वाळत होती.

रात्री आईला फोन केला. आज्जाची घोंगडी अजून माळ्यावरच्या ट्रंकेत आहे, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेली. मे महिन्यात आई इकडे येणार आहे. येताना ती घेऊन ये म्हणून सांगितलं. तिला वाटलं, भिंतीवर लावायला मागतेय. मी म्हटलं, नाही, मला बादलीवर घालून बसायला हवी आहे, चटईतून थंडी चढते.

"मग चौघडी घाल," आई म्हणाली, "आणि पदर पायाखाली सोड. ते तसंच करायचे."