‘राज्य’ म्हणजे कुठलं?

‘‘निकाल लागला म्हणे. आपला काय?’’

ऑफिसात येऊन छत्री कोपऱ्यात टेकवतोय तोवर हा तिसरा फोन. २५ जुलै २०२४, गुरुवार. मी बेळगावातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक आहे आणि ‘आपला’ म्हणजे कुठला हे इथं कुणाला विचारावं लागत नाही. महाराष्ट्रानं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमाप्रश्नाचा दावा. टीव्हीच्या पट्टीवर ‘सुप्रीम कोर्ट’, ‘राज्य’ आणि ‘ऐतिहासिक निकाल’ हे शब्द एकत्र सरकले की आमच्या शहापूर-वडगावात आधी चहा थांबतो, मग आमचा फोन वाजतो.

निकाल होता खाणींचा. खनिजावरची रॉयल्टी हा कर नाही, आणि खनिज हक्कांवर कर लावायचा अधिकार राज्यांना आहे, असं नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठानं आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं होतं. प्रत्येकाला हे समजावून सांगताना पलीकडून एकच ‘हां’ यायचं, वारा गेलेल्या टायरसारखं. चौथ्या-पाचव्या फोननंतर मी सुरुवातच ‘आपला नाही’ अशी करू लागलो.

डेस्कवर तीन टीव्ही चालू असतात, आवाज बंद करून. मुंबईच्या मराठी वाहिन्यांवर पुणं बुडालं होतं, सिंहगड रोडच्या सोसायट्यांत बोटी फिरत होत्या. कन्नड वाहिन्या अंकोल्याजवळच्या शिरूरला, दरड कोसळून गंगावळी नदीत गेलेला ट्रक शोधत होत्या. इंग्रजी अर्थविषयक वाहिनीवर मात्र हाच निकाल, पण तिथं राज्यं नव्हतीच. कुठल्या कंपनीला किती फटका, एवढीच चर्चा. हजारो कोटींचा महसूल कुणाकडं जाणार याचा फैसला झालेला, आणि ज्यांच्याकडं तो येणार त्या दोन्ही राज्यांच्या वाहिन्यांवर त्याला खालची पट्टी. पावसाला दोष देऊन उपयोग नाही. रॉयल्टी या शब्दाला चित्र नाही.

आमच्याकडंही पहिलं पान पुराचंच होतं. पंचगंगा वाढलेली, चिकोडीकडं कृष्णाकाठ पाण्यात. मुख्य उपसंपादक म्हणाले, ‘‘दोन कॉलम देतो. पण माझ्या आईला कळेल असं लिही.’’

मग मी उदाहरणाला गाळा घेतला. समजा, तुमचा मारुती गल्लीत भाड्याचा गाळा आहे. भाडं मालकाला देता, घरपट्टी महापालिकेला जाते. भाड्याला कुणी कर म्हणत नाही. रॉयल्टी म्हणजे खाणीचं भाडं, जमिनीतला माल उचलल्याबद्दल मालकाला द्यायची रक्कम. प्रमुख खनिजांसाठी तिचा दर १९५७ च्या कायद्याखाली केंद्र ठरवतं, पैसे राज्याला मिळतात. भांडण एवढंच की, भाडं घेणाऱ्या राज्यानं वर घरपट्टीही लावायची की नाही. रॉयल्टीलाच कर मानलं तर नाही, न मानलं तर हो.

आता यातला मला सगळ्यात आवडलेला भाग. १९८९ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठानं इंडिया सिमेंटच्या खटल्यात ‘रॉयल्टी हा कर आहे’ असं म्हटलं. २००४ मध्ये दुसऱ्या खटल्यात पाच न्यायाधीशांनी सांगितलं, ती टंकलेखनाची चूक होती, वाक्य ‘रॉयल्टीवरील उपकर हा कर आहे’ असं हवं होतं. पण पाचांनी सातांचं वाक्य दुरुस्त कसं करायचं? म्हणून २०११ मध्ये प्रकरण नऊ जणांकडं गेलं. हे मी आमच्या मुद्रितशोधक काकांना वाचून दाखवलं. आयुष्यभर ऱ्हस्व-दीर्घावरून आमची बोलणी खाल्लेला माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. ‘‘एवढ्या मोठ्या कोर्टात प्रूफ बघायला कोण नव्हतं काय?’’ त्या रात्री त्यांनी माझी बातमी चारदा वाचली. नेहमी एकदाच वाचतात.

संध्याकाळी डेस्कवर नवा पोरगा उत्साहानं आला. बहुमताचा निकाल लिहिला सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी, विरोधी मत न्यायमूर्ती नागरत्ना यांचं. एक मराठी, एक कर्नाटकातल्या. ‘‘सर, चौकट करूया?’’ मी नको म्हटलं. सीमाभागात काडी टाकायला एवढंही पुरतं, आणि नागरत्नांचं म्हणणं नीट वाचलं तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नव्हतं. त्यांच्या मते रॉयल्टी कराच्याच स्वरूपाची आहे, आणि राज्यांना मोकळीक दिली तर त्यांच्यात महसुलासाठी अनिष्ट चढाओढ लागेल. दोन राज्यांच्या चढाओढीत राहणं म्हणजे काय हे आमच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. ते मत मी बातमीत वर घेतलं.

त्याच पोरानं मथळा दिला होता, ‘बॉक्साईटमुळे राज्याला लाभ’. कुठल्या राज्याला? हा आमच्या डेस्कचा जुना आजार. एजन्सीच्या कॉपीत ‘राज्य सरकार’ आलं की आम्ही आधी खोडतो आणि कर्नाटक की महाराष्ट्र ते लिहितो. इथं तर घोळ आणखी मोठा. बॉक्साईट चंदगड-राधानगरीच्या डोंगरमाथ्यावरचं, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातलं. ते शिजवून ॲल्युमिना करणारा कारखाना बेळगावात, यमनापूरला. जुनी माणसं त्याला अजून इंडालच म्हणतात. रॉयल्टी जिथं खणलं तिथली, कारखाना कुठं आहे यानं फरक पडत नाही. उद्या कर लागला तरी तो महाराष्ट्राचा. मथळा झाला, ‘खनिजांवरील रॉयल्टी हा कर नाही’. काकांनी ‘नाही’वर पेनानं गोल केला. शेवटच्या पानदुरुस्तीत कॉलम आकसला की पहिला बळी असल्याच शब्दाचा जातो.

मध्ये एका खडी क्रशरवाल्याचाही फोन आला, त्याला उद्यापासून ट्रकमागं किती वाढणार ते हवं होतं. खडी, मुरूम, वाळू ही गौण खनिजं. त्यांची रॉयल्टी आधीपासून राज्यच ठरवतं. सांगितलं. विश्वास बसला नाही.

पान सोडायला पंधरा मिनिटं असताना शेवटचा फोन. दुपारी पहिला ज्यांचा आला होता तेच आजोबा. आता निवांत होते.

‘‘मी इंडालात होतो ओ. बॉक्साईटचा पण निकाल म्हणालासा मघाशी. त्याचे पैसे कुणाला मग?’’

‘‘महाराष्ट्राला. माती तिकडची ना, आजोबा.’’

‘‘बरं हाय. आणि ही केस किती वर्षांची?’’

‘‘१९८९ पासून धरली तर पस्तीस.’’

‘‘आपली?’’

‘‘वीस.’’

थोडा वेळ नुसता पागोळ्यांचा आवाज आला. त्यांच्याकडचा की आमच्याकडचा, कळेना.

‘‘मग अजून पंधरा हाईत की,’’ असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.