उत्तरेची पट्टी आणि माझा मोगरा

आमचा फ्लॅट पुण्यात, तळमजल्यावर. बिल्डिंगची भिंत आणि कंपाउंड यांच्या मधे साडेतीन फूट रुंद मातीची पट्टी आहे, तोंड उत्तरेला. पहिल्याच वर्षी हौसेने मोगरा, गुलाब, जास्वंद लावून मोकळी झाले. पानं भरपूर, फांद्या लांबलचक, फूल म्हणाल तर एक नाही. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ऊन नको का त्याला?" म्हणजे त्यांना आधीपासून माहीत होतं, फक्त मी विचारायची वाट बघत होत्या!

मग यूट्यूबवर सावलीची झाडं शोधायला बसले तर जिकडेतिकडे होस्टा, म्हणजे थंड देशातलं मोठ्या पानांचं शोभेचं झाड. दिसतं फार गोड, पण त्याला हिवाळ्यात कडाक्याची थंडी लागते, ती पुण्यात कुठून आणायची. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्या थंड देशातल्या लोकांच्या उत्तरेच्या बाजूला दुपारचं ऊन कधीच येत नाही, आपल्याकडे येतं. १३-१४ मेच्या सुमाराला पुण्यात शून्य सावली दिवस (भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो तो) असतो ना, तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. पाऊस सुरू झाला की ढगांमुळे निभावतं, पण त्याआधीचे तीन-चार आठवडे माझी "सावलीची" पट्टी नुसती तव्यासारखी तापते. नवीन आणलेल्या पीस लिलीची पानं दोन दिवसांत भाजलेल्या पापडासारखी झाली तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

तर आता जे आहे त्यात सगळ्यात खूश अळू. काळ्या देठाचं, वडीचं. आईने कोकणातून ओल्या फडक्यात गुंडाळून दोन गड्डे आणले होते, ते मी वरच्या मजल्यांवरच्या एसीचं पाणी जिथे ठिबकतं बरोब्बर तिथे लावले, आणि आता एकेक पान सुपाएवढं होतं. शेजारी हळद. ती मेमध्येच लावायची, त्यामुळे उन्हाच्या दिवसांत ती अजून मातीखालीच असते आणि नागपंचमीला पातोळ्यांपुरती पानं मिळतात. डिसेंबर-जानेवारीत पानं पिवळी पडून आडवी झाली की झाड मेलं समजून रडू नका (मी रडलेय), गड्डे तयार झालेत. सोनटक्का पण मस्त येतो, पावसाळ्यात संध्याकाळी खिडकी उघडली की वास घरभर. कंपाउंडवर नागवेल चढवलीय आणि जिथे पाणी पोचत नाही त्या कोपऱ्यात स्नेक प्लांट, त्याच्याकडे मी बघतसुद्धा नाही.

डिफेनबेकिया मात्र काढून टाकलं. पान चावलं तर तोंड सुजतं आणि आमचं दीड वर्षाचं रत्न दिसेल ते तोंडात घालतं.

पाणी हात आखडूनच घाला. सावलीतली माती वरून कोरडी दिसली तरी बोट खुपसलं की आत ओली लागते. पावसाळ्यात गोगलगायी येतात, त्या रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या, दुसरा उपाय मला तरी सापडला नाही.

मोगरा कुंडीत घालून गच्चीवर नेला. तिकडे इतका फुलतो की विचारू नका, पण मी गच्चीवर पोचेपर्यंत चौथ्या मजल्यावरच्या काकूंचा गजरा झालेला असतो.