भेरूघाट उतरताना

श्रावणात रामबागेतल्या काकांचं भजनी मंडळ इंदूरहून ओंकारेश्वरला पायी जातं. काका माझ्या नात्यातले नाहीत. दारू सोडताना ज्यांनी माझा हात धरला ते हे काका, अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेच्या मीटिंगमधले माझे स्पॉन्सर, म्हणजे नव्याला सांभाळून नेणारे जुने सभासद. यंदा त्यांनी एवढंच म्हटलं, "तूही चल." मी ख्रिस्ती, ते वारकऱ्यांच्या घरातले; याचा खल आम्ही कधीच केलेला नाही. पिशवीत दोन जोड कपडे, खोबरेल तेल आणि आईचं बायबल टाकलं आणि पहाटे निघालो.

भंवरकुआँ, तेजाजीनगर, सिमरोल. पाऊस भुरभुरत होता, दोन्ही बाजूंना सोयाबीन. समोरून कावडवाले येत होते, ओंकारेश्वरहून नर्मदेचं पाणी भरून उज्जैनला महाकालाकडे निघालेले. त्यातल्या काहींच्या मागे डीजेची गाडी. ती जवळ आली की आमचा हरिपाठ बुडून जायचा आणि माझं डोकं भणभणायचं. मंडळातल्या एका गृहस्थांनी मला टाळ कसा धरायचा ते इतक्यांदा सांगितलं की शेवटी मी टाळ त्यांच्याच हातात दिला.

पण "देवाचिये द्वारी" सुरू झालं की मला आईचा आवाज ऐकू यायचा. आमचं घराणं मूळचं अहमदनगरचं. आई ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचे अभंग म्हणायची, आणि अगदी याच चालीत. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. लहानपणी हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. त्या पुलावरून चालताना पायांना काय वाटतं ते मला सिमरोलच्या पुढे कळलं. मी हरिपाठ म्हणत होतो आणि मनात प्रभूचंच नाव होतं. कुठेही टोचलं नाही.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत १२० ते १३४ ही पंधरा आरोहणाची गीतं आहेत, यरुशलेमेला चढून जाणाऱ्या यात्रेकरूंची. त्यातलं एकशेएकविसावं मला पाठ आहे: डोंगरांकडे डोळे लावून विचारायचं, मला साहाय्य कुठून येईल? आमची वाट मात्र उलटी. माळव्याचं पठार सोडून निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात उतरायचं. आणि उताराला पाय जास्त मार खातात. भिजलेल्या कॅनव्हासच्या बुटात बोटं पुढे पुढे सरकत राहतात. भेरूघाट निम्मा उतरेपर्यंत डाव्या चवड्याखाली लिंबाएवढा फोड आला होता. ट्रक अंगाला घासून जात होते, आणि मंडळ पुढे निघून गेलं होतं. टाळ ऐकू येत होते, माणसं दिसत नव्हती.

घाट संपल्यावर एका फाट्यावर चहाची टपरी लागली. तिथल्या बाकावर बसलो आणि मान वर केली तर समोर कलाली, दारूचं दुकान. ओंकारेश्वरात १ एप्रिल २०२५ पासून दारूबंदी आहे, वाटेवर नाही. अहाते, म्हणजे दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा, २०२३ मध्येच बंद झाले, त्यामुळे आता माणसं बाटली घेऊन झाडाखालीच बसतात. तीन-चार जण बसले होते. त्यातला एक हसला. ते हसणं मला ओळखीचं होतं, आणि तोंडात पाणी सुटलं. हे खरंच झालं, म्हणून लिहितो. ओठांवर हरिपाठाचं नाम होतं, पिशवीत वचन होतं, तरी सुटलं.

टपरीवाल्या बाईंनी माझा पाय पाहिला. साधारण आईच्या वयाच्या, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी विचारलं, "चलना है, कि गाड़ी में बैठना है?"

मी सांगायला लागलो. बूट भिजले, मंडळ थांबलंच नाही, कोणी मागे वळून पाहिलं नाही, घाटात चालायला जागाच नव्हती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं, "चलना है क्या?"

तेव्हा मला बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय आठवला. बेथेस्दाचं तळं, पाणी हाललं की पहिला उतरेल तो बरा होतो अशी समजूत असलेलं, पाच पडव्या, अडतीस वर्षं पडून असलेला माणूस. येशू त्याला विचारतो, तुला बरं व्हायचंय का? आणि तो "हो" म्हणत नाही. तो सांगत बसतो की तळ्यात सोडायला माझं कोणी नाही, मी पोचेपर्यंत दुसराच उतरतो. पिण्याच्या दिवसांत मला हा प्रश्न बायकोने विचारला, डॉक्टरांनी विचारला, पाळकांनी विचारला, आणि प्रत्येकाला मी तळ्याचीच हकिकत सांगितली. आजवर मी हा उतारा चमत्कार म्हणून वाचत होतो. त्या बाकावर तो मला संभाषण म्हणून ऐकू आला. येशू त्याच्या तक्रारीला उत्तरच देत नाही. उठ म्हणतो, बाज उचल म्हणतो, चालू लाग म्हणतो.

"चलना है," मी म्हणालो.

बाईंनी गोधडी शिवायची सुई स्टोव्हच्या ज्योतीवर तापवली, तिच्यात काळा दोरा ओवला. माझा चिखलाचा पाय आपल्या मांडीवर घेतला. मी मागे ओढला, त्यांनी पुन्हा घेतला. फोडाच्या एका बाजूने सुई घालून दुसरीकडून काढली आणि दोऱ्याची दोन्ही टोकं बाहेर ठेवून कापला. पाणी त्या दोऱ्यावरून आपोआप झरत राहतं, कातडी निघत नाही. वर तेल-हळद, जुन्या साडीची चिंधी. झाडाखालची माणसं बघत होती. बाईंनी चहाचे पैसे घेतले, पायाचे घेतले नाहीत. म्हणाल्या, "मैया के पास जा रहे हो."

मी उठलो. तहान गेली नव्हती. ती घेऊनच निघालो. बाजही अशीच असणार. बरा झालेला माणूस ती तिथेच टाकून जात नाही, पाठीवर घेतो.

मैलभर पुढे काका एका दगडावर माझी वाट बघत बसले होते. मी त्यांना कलालीचं सांगितलं, सगळं, तोंडाला पाणी सुटल्यासकट. याकोबाच्या पत्रात आहे की बरं व्हायचं असेल तर एकमेकांपाशी कबुली द्या. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रनला अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची सुरुवात झाली तेव्हा ती पहिली मंडळी हेच पत्र, डोंगरावरलं प्रवचन आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय पुन्हा पुन्हा वाचत. काकांनी यातलं काही वाचलेलं नाही. त्यांनी ऐकलं, "बरं झालं सांगितलंस" म्हणाले आणि माझी पिशवी मागितली. मी दिली.

बलवाडा. बडवाहला चिवडा. मोरटक्क्याच्या पुलावर सगळे "नर्मदे हर" म्हणाले, मीही म्हणालो. ओंकारेश्वरात गजानन महाराज संस्थानात उतरलो. मंडळ दर्शनाच्या रांगेत गेलं, मी घाटावर पाय पाण्यात सोडून योहान पाच पुन्हा वाचला. पाणी गढूळ होतं आणि गार.

रविवारी चर्चमध्ये लंगडत गेलो. एका वडीलधाऱ्या सभासदांनी उपासनेनंतर बाजूला घेतलं. मूर्तीच्या यात्रेला गेला होतास असं कळलं, म्हणाले. रागावले नव्हते, काळजीत होते. मी बायबल उघडून त्यांना योहान पाच दहाव्या वचनापासून पुढे वाचून दाखवलं. अडतीस वर्षांनी माणूस चालतोय, आणि लोक त्याला विचारतात की शब्बाथ दिवशी, विश्रांतीच्या दिवशी, बाज उचलायला तुला कोणी सांगितलं? ते बराच वेळ पानाकडे बघत राहिले. मग त्यांनी दारूचं विचारलं, मीटिंगला अजून जातोस ना म्हणून. जातो म्हटलं. आणि पुढच्या श्रावणात काकांबरोबर पुन्हा जाणार आहे, तेही सांगितलं.